शकुंतलेचं मॉडेल: तयार सेट घ्यावा की किट जुळवावं? एका गावच्या वाचनालयाचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ–मूर्तिजापूर लाइनवरचं एक गाव. नाव मुद्दाम देत नाही, माणसांचीही नावं गाळली आहेत. गावात एक जिनिंग, एक हायस्कूल आणि एक जुनं सार्वजनिक वाचनालय. शकुंतला, म्हणजे या लाइनवरची अरुंद रुळांची आगगाडी, या गावातून जायची. ७६२ मिलिमीटरचा, म्हणजे अडीच फुटी रूळ. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला ११३ किलोमीटर, दुसरा अचलपूरला ७६. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या ब्रॉडगेजपर्यंत पोचवण्यासाठी ब्रिटिश कंपनीनं टाकलेली ही लाइन. १९९४ पर्यंत तिच्यावर वाफेचं इंजिन धावलं, मग डिझेल आलं, आणि आता गाडीच बंद आहे. हायस्कूलमधल्या पोरांनी ती चालताना पाहिलेली आठवत नाही. त्यांच्यासाठी स्टेशन म्हणजे बाभळीत बुडालेली, दारं-खिडक्या गेलेली एक इमारत.

वाचनालयासाठी या गाडीचं मॉडेल करण्याच्या कामात पाच-सहा जण होते. गावातच स्थायिक झालेले एक निवृत्त स्टेशन मास्तर, तालुक्याच्या ठिकाणी मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा त्यांचा भाचा, हायस्कूलचे चित्रकलेचे सर, नववी-दहावीची काही मुलं आणि रेल्वे मॉडेलिंगचा छंद असल्यामुळे सल्ल्याला बोलावलेला मी. मास्तरांच्या पत्नीच्या स्मरणार्थ त्यांच्या मुलानं वाचनालयाला साठ हजार रुपये देऊ केले होते. कमिटीला पुस्तकांची कपाटं हवी होती. मास्तर म्हणाले, कपाटं ग्रामपंचायत देईल, यातून आपली गाडी करा.

अडचण कुठे होती

वाचनालयात एक आगगाडी आधीपासून होती. पुण्याच्या एका हितचिंतकानं परदेशी बनावटीचा तयार सेट भेट दिला होता. १:८७ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढा, १६.५ मिलिमीटरच्या रुळावर चालणारा, ज्याला एचओ म्हणतात. डबा उघडायचा, रूळ जोडायचे, कंट्रोलरचा प्लग लावायचा की गाडी सुरू. प्रजासत्ताक दिनाच्या प्रदर्शनात त्याच्यापुढे रांग लागली. पण म्हातारी माणसं थोडा वेळ थांबून एकच विचारायची, "हे कोनचं टेशन हाये?" आल्प्समधल्या उतरत्या छपरांचं घर आणि लाल डबे पाहून मास्तर त्याच दिवशी म्हणाले होते, "गाडी चांगली हाये, पन आपली नाई नं बाप्पा."

दोन-अडीच महिन्यांत त्या इंजिनातून टक-टक आवाज यायला लागला आणि ते अडखळू लागलं. चाकाच्या दांड्यावर घट्ट बसवलेलं प्लास्टिकचं दातेरी चाक तडकलं होतं. तडकलं की दोन दात्यांमधलं अंतर किंचित वाढतं आणि प्रत्येक फेरीत तिथे ठेच लागते. हा दोष जगभर नेहमीचा आहे आणि दुरुस्त होण्यासारखा आहे. पण इंजिन उघडायचं धाडस कुणी केलं नाही. जिथून सेट आला होता त्या विक्रेत्यानं सुटा भाग मिळत नाही, नवं इंजिन घ्या, असं कळवलं. सेट कपाटावर गेला.

गाडी आपली नाही ही अडचण सगळ्यांना दिसत होती. माझ्या मते दुसरी अडचण जास्त मोठी होती. ज्या गावात सुटा भाग यायला महिना लागतो, तिथे वस्तू आत कशी आहे हे कुणाला तरी माहीत असलंच पाहिजे. नाहीतर साठ हजारांची गाडीही त्याच कपाटावर जाणार होती.

आधी माप

पर्यायांवर बोलण्याआधी मापाचा हिशेब केला, कारण पुढचं सगळं त्यावर ठरणार होतं. ७६२ भागिले ८७ म्हणजे पावणेनऊ मिलिमीटर. एन नावाच्या लहान मापाच्या मॉडेलांचा रूळ ९ मिलिमीटरचा असतो. म्हणजे डबे, माणसं, स्टेशन १:८७ चं ठेवायचं आणि खाली एनचा ९ मिलिमीटर रूळ घालायचा, की शकुंतला जवळजवळ काटेकोर मापात बसते. आपल्या ब्रॉडगेजचं नशीब इतकं चांगलं नाही. १६७६ मिलिमीटरला ८७ नं भागलं तर सव्वाएकोणीस येतात आणि बाजारातला रूळ साडेसोळाचा. भारतीय ब्रॉडगेजची बहुतेक एचओ मॉडेलं त्या फरकासह चालतात. लहान गाडीला मात्र बाजारातला रूळ आयता जुळला.

वाचनालयाच्या कोपऱ्यात टेबल बसत होतं सहा फूट बाय अडीच फूट. अडीच फूट म्हणजे बरोबर ७६२ मिलिमीटर, खऱ्या रुळांमधलं अंतर! मुलांनी टेबल खऱ्या रुळांमध्ये आडवं धरून पाहिलं, ते अचूक बसलं. १:८७ चा अर्थ त्या दिवशी त्यांना जितका कळला तितका फळ्यावर कळला नसता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, तयार अरुंद गाडी घेणं. ऑस्ट्रियात ७६० मिलिमीटरच्या डोंगरी लाइनी आहेत आणि त्यांची १:८७ ची तयार मॉडेलं रोको, लिलिपुट या कंपन्या ९ मिलिमीटरच्या रुळासाठी काढतात. माप आपल्याच गाडीचं, रंगकाम उत्तम, चाल मऊ. पण चेहरा परदेशी. शिवाय किंमत. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. रेल्वेची मॉडेलं त्याच शीर्षकाखाली येतात. एक इंजिन आणि तीन डबे घेतले असते तर रूळ घ्यायलाही पैसे उरले नसते.

दुसरा, धातूचं किट. पितळेच्या पातळ पत्र्यावर रसायनानं भाग कोरलेले असतात. ते कापून काढायचे, अर्ध्या कोरलेल्या रेषेवर घडी घालायची आणि डाग द्यायचा. भाच्याला हे काम पाहताक्षणी आवडलं. त्याच्या दुकानात चांगलं सोल्डरिंग स्टेशन, फ्लक्स, चिमटे, भिंग, मल्टिमीटर सगळं होतं, आणि मोबाइलच्या बोर्डावर डाग देणाऱ्या हाताला पितळेचा पत्रा जड नाही. अडचण अशी, की आपल्या इंजिनाचं किट आम्हाला कुठे मिळालं नाही. ब्रिटनमधल्या अरुंद गाड्यांची किटं मिळत होती, म्हणजे पुन्हा परकाच चेहरा, आणि तोही महिनाभर घाम गाळून.

तिसरा पर्याय मुलांचा होता. सगळंच घरी करू, खेळण्यातली मोटर काढू, चाकं कातून घेऊ. उत्साह खरा होता, तरी मी याला स्पष्ट विरोध केला. या मापात चाकाची कड अर्धा-पाऊण मिलिमीटर उंच असते. चाक केसभर वाकडं फिरलं की गाडी रूळ सोडते. हे काम मशीनचं आहे. हातानं केलं तर मुलांचं वर्ष गाडी रुळावर परत ठेवण्यात जातं आणि मन विटतं.

चौथा पर्याय मिश्र. मोटर, चाकं, बोगी (इथे डबा नाही, डब्याखालचा चाकांचा गाडा), रूळ आणि सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे तुकडे) तयार घ्यायचे. इंजिनाचं कवच, डबे, स्टेशन, जिनिंग आणि मालधक्का स्वतः करायचं. जे चालायचं ते विकत, जे ओळखू यायचं ते हातानं.

पहिला निर्णय: वाफ की डिझेल

चौथ्या पर्यायावर लवकर एकमत झालं. अडलं इंजिनावर. मास्तरांची उमेद वाफेच्या इंजिनात होती.

"इंजिन वाफेचंच पायजे," ते म्हणाले. "डिझेलले काय पाहाचं? तो त डब्बाच हाये."

"म्हनूनच त पयले थोच करू, मामाजी," भाचा म्हणाला. "डब्बा आपल्याले जमते."

याच उत्तरावर प्रकरण वळलं, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. वाफेच्या इंजिनाची चाकं बाहेरून दांड्यांनी जोडलेली असतात. डाव्या आणि उजव्या बाजूच्या दांड्यांमध्ये बरोबर ९० अंशांचा फरक लागतो आणि तो प्रत्येक चाकजोडीवर सारखाच लागतो. एका जोडीत थोडा फरक पडला की सगळी यंत्रणा जखडते. पहिल्याच कामाला हे घेतलं असतं तर बहुधा अर्ध्यावर थांबलं असतं. झेडडीएम वर्गाचं डिझेल म्हणजे दोन बोगींवर एक लांबट कवच. बोगीवर चालणारी एन मापाची जपानी बनावटीची लहान चेसिस, म्हणजे मोटर-चाकांसकट खालचा सांगाडा, आयती मिळते, तिच्यावर हे कवच बसवता येतं.

मास्तर नाराज झाले, पण अडून बसले नाहीत. वाफेचं इंजिन दुसऱ्या टप्प्यात, असं कमिटीच्या वहीत त्यांनी लिहून घेतलं.

मोजमाप कुठून आणलं

शकुंतलेचे नकाशे आमच्याकडे नव्हते. दोन वाटा धरल्या. चित्रकलेचे सर मुलांना नागपूरला मोतीबागेतल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात घेऊन गेले. २००२ साली उघडलेल्या या संग्रहालयात याच मापाच्या गाड्या उभ्या आहेत. मुलांनी टेप लावून दाराची उंची, खिडकीची रुंदी, दोन खिडक्यांमधलं अंतर, पायदान, सगळं वहीत उतरवलं.

पण ते डबे सातपुड्याच्या लाइनीवरचे. आपल्या डब्याच्या खिडक्या तशाच होत्या का? त्यासाठी गावातून जुने फोटो मागवले, आणि सगळ्यात कामाचा निघाला तो वरातीचा एक फोटो. नवरदेव फेटा बांधून डब्याला टेकून उभा, मागे दोन खिडक्या आणि अर्धं दार. तो नवरदेव आज सत्तरीत आहे, गावातच आहे. मुलांनी त्यांना भिंतीशी उभं करून खांद्याची उंची मोजली आणि त्या प्रमाणात फोटोतली खिडकी काढली. मोतीबागेत मोजलेल्या खिडकीपेक्षा ती थोडी रुंद निघाली. आमचे डबे त्या मापानं झाले.

स्टेशनची इमारत उभीच होती. लांबी साधारण साडेनऊ मीटर, मॉडेलवर अकरा सेंटिमीटर.

बांधणी

डब्यांच्या बाजू आधी सनबोर्डातून लेझरनं कापायच्या ठरल्या होत्या. यवतमाळच्या एका ट्रॉफीवाल्यानं साफ नकार दिला, आणि तो बरोबर होता. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी. लेझरखाली त्यातून घातक वायू निघतो आणि मशीनही गंजतं. मग जाड आयव्हरी कार्डाचे दोन थर घेतले, आतला अखंड आणि बाहेरचा खिडक्यांच्या चौकटीचा. पावसाळ्यात कार्ड फुगू नये म्हणून दोन्ही अंगांना स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख मारली. सुतार लाकडाला मारतात तीच. लाख वाळल्यावर कार्ड कडक होतं, घासता येतं, रंग पीत नाही. या कामाला इतकं स्वस्त आणि खात्रीचं दुसरं काही मला माहीत नाही.

मोटरची चेसिस हलकी असल्यामुळे चार डबे ओढताना चाकं जागीच फिरायची. टायरवाल्याकडून चाक बॅलन्स करायची शिशाची वजनं आणून कवचाच्या पोटात चिकटवली. वजन दोन्ही बोगींच्या मध्ये सारखं वाटलं गेलं पाहिजे, नाहीतर एक बोगी उचलली जाते आणि तिला वीज मिळत नाही.

वीजपुरवठ्यासाठी सीसीटीव्हीवाल्याकडून १२ व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, घेतला. त्याच्यापुढे भाच्यानं बाजारातलं पीडब्ल्यूएम मोड्यूल, म्हणजे वीज भराभर चालू-बंद करून वेग कमी-जास्त करणारं सर्किट, जोडलं. गाडी चालली, पण इंजिन गुणगुणायचं आणि थोड्याच वेळात कवच कोमट लागायचं. चेसिसमधली मोटर कोअरलेस, म्हणजे फिरत्या भागात लोखंडी गाभा नसलेली होती, आणि कमी फ्रिक्वेन्सीच्या पीडब्ल्यूएमवर असल्या मोटरी तापतात. त्यानं मोड्यूल काढून एलएम ३१७ चा साधा व्होल्टेज रेग्युलेटर बसवला. गुणगुण गेली, ताप गेला.

रूळ पेको कंपनीचे घेतले, अरुंद गाड्यांसाठी काढलेले, ज्यांचे स्लीपर एनच्या नेहमीच्या रुळापेक्षा जाड आणि विरळ असतात. वळणाची त्रिज्या सुमारे ३० सेंटिमीटर ठेवली, तेवढीच टेबलावर बसत होती.

आणि रुईच्या गाठी. खरी गाठ १७० किलोची, मॉडेलवर ती जेमतेम सव्वा सेंटिमीटर. मुलांनी पहिल्यांदा खऱ्या कापसाच्या केल्या, पण या मापात कापसाचा धागा दोरखंडाएवढा दिसतो. शेवटी लाकडी ठोकळ्यांना चहाच्या पाण्यात बुडवलेला टिश्यू पेपर गुंडाळला आणि जुन्या चार्जरच्या वायरमधल्या तांब्याच्या एकेका तारेनं पट्ट्या आवळल्या. मालधक्क्यावर त्यांची थप्पी लावल्यावर जिनिंगमध्ये काम केलेला एक हमाल पाहायला आला. गाठी अशा आडव्या नाही रचत म्हणाला, आणि स्वतः बसून चिमट्यानं रचून दिल्या.

दुसरा निर्णय: उन्हाळ्यानंतर

डब्यांची छपरं थ्रीडी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लास्टिकमध्ये काढून घेतली होती. गोलाई छान आली होती. एप्रिलमध्ये ती रंगासाठी नेताना चारचाकीत दुपारभर राहिली आणि सगळी मधून बसली. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीत किंवा टिनाखाली तेवढी उष्णता सहज होते. युरोपातल्या छंदिष्टांचे सल्ले इथे जसेच्या तसे घेता येत नाहीत ते यामुळे.

पुन्हा प्रिंट काढायचं, पण जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकमध्ये, की हातानं करायचं? भाचा प्रिंटच्या बाजूनं होता. सरांनी कार्डाचे दोन थर फेव्हिकॉल लावून पीव्हीसी पाइपवर रबरबँडनं आवळून रात्रभर ठेवायला सांगितले. सकाळी गोलाई पक्की. मुलांनी उरलेली छपरं त्याच आठवड्यात केली. प्रिंट वाईट नव्हता, पण तो जिल्ह्याच्या गावी होता आणि पाइप शाळेच्या मागे पडलेला होता.

त्याच उन्हाळ्यात रूळही बोलले. हिवाळ्यातल्या दहा अंशांपासून मे महिन्यातल्या पंचेचाळीसपर्यंत गेलं की एक गज लांबीचा निकेल-सिल्व्हर रूळ सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. थंडीत टोकाला टोक भिडवून टाकलेला एक तुकडा मे महिन्यात वर उचलला. रुळांच्या जोडांत फटी ठेवून तो पुन्हा टाकला आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र वायर दिली, म्हणजे जोड सैल झाला तरी वीज तुटत नाही. प्लायला खालून-वरून प्रायमर मारला.

निष्पत्ती

गाडी आता वाचनालयात आहे. रविवारी आणि बाजाराच्या दिवशी चालते. चालवायची पाळी मुलांकडे असते आणि अट एकच, की ज्याची पाळी त्यानं आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं रूळ पुसायचे. ही बाटली भाच्याच्या दुकानातून येते.

साठ हजारांतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग चेसिस, रूळ आणि सांध्यांत गेला. नंतर टेबल आणि काच. डबे, स्टेशन, गाठी यांचा खर्च सगळ्यात कमी आणि वेळ सगळ्यात जास्त. काही रक्कम सुट्या भागांसाठी बाजूला ठेवली आहे.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट खर्चाच्या वहीत नाही. काम संपत आल्यावर दहावीतल्या एका मुलीनं कपाटावरचा जुना सेट खाली काढला, स्क्रू सैल करून इंजिनाचं कवच उचललं आणि तडकलेल्या चाकाचे दाते मोजले. दांड्याची जाडी मोजून तसंच चाक ऑनलाइन शोधून मागवलं. पुण्याचं इंजिन पुन्हा चालतं. स्वतः एक कवच बसवलेला हात दुसरं कवच उघडायला भीत नाही. किट जुळवण्याच्या बाजूनं माझ्यापाशी एवढाच एक युक्तिवाद आहे, आणि तो मला पुरेसा वाटतो.

तयार मॉडेल घेणाऱ्याला मी कमी लेखत नाही. शहरात दुकान जवळ असेल, वेळ कमी असेल आणि गाडी चालताना पाहण्यातच आनंद असेल, तर तयार घ्यावं. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे एकदा जाऊन उभं राहिलं की आपल्याला यातलं नेमकं काय आवडतं ते कळतं.

वेगळं काय करता येईल

असं काम दुसऱ्या गावी निघालं तर मोटरची चेसिस एक नाही, दोन घ्यावी, एकाच प्रकारची. दुसरी कपाटात राहू द्यावी. हे मॉडेल कंपनीनं बंद केलं तर आमचं कवच दुसऱ्या कशावर बसेल याची आज खात्री नाही.

प्रत्येक साहित्याचा एक तुकडा आधी टिनाच्या छपराखाली आठ दिवस ठेवावा. प्लास्टिक, गोंद, रंग, सगळ्याचा.

काच सुरुवातीलाच बसवावी. आमची नंतर आली आणि कापसाच्या हंगामात जिनिंगमधून उडालेले तंतू चाकांच्या दांड्यांना गुंडाळले गेले. ते चिमट्यानं काढायला बराच वेळ गेला.

स्टेशन इंजिनाच्या आधी करावं. आम्ही इंजिन पूर्ण होईपर्यंत गावाला काही दाखवलं नाही. प्रत्यक्षात लोक सगळ्यात जास्त वेळ उभे राहतात ते स्टेशनसमोर, तिकिटाच्या खिडकीपाशी. ते आधी मांडलं असतं तर फोटो आणि आठवणी लवकर आल्या असत्या, आणि खिडकीचं माप नवरदेवापर्यंत जाऊन शोधावं लागलं नसतं.

वाफेच्या इंजिनाचा निर्णय अजून व्हायचा आहे. माझं म्हणणं असं, की ते न चालणारं करून शेडमध्ये उभं करावं, म्हणजे बारकावे मनासारखे करता येतील. मास्तरांना ते मान्य नाही. इंजिन म्हणजे चालायलाच पाहिजे, असं ते म्हणतात. भाच्यानं मधला रस्ता काढला आहे: आधी पितळेच्या दांड्यांचा एक स्वस्त संच मागवायचा, दिवाळीच्या सुट्टीत मुलांकडून नुसती चाकं आणि दांडे जुळवून घ्यायचे, आणि ते न अडखळता फिरले तरच पुढचे पैसे घालायचे. संचाची ऑर्डर गेली आहे.